गाडी वेग का घेत नाही?

खोपोलीहून खंडाळ्याकडे निघालेल्या मोटारीला थोड्याच अंतरात सुमारे ५०० मीटर उंची गाठावी लागते. सपाट रस्त्यावर झपाट्याने धावणारी गाडी अशा घाटात खऱ्या कसोटीस लागते. चालक पायाखालची पट्टी दाबतो. पण थकलेल्या बैलाने मान टाकावी तशी गाडी रेंगाळते. मोटारदुरुस्ती करणारे मिस्त्री याला ‘गाडी पिकअप घेत नाही’ असे म्हणतात. तक्रार वरवर क्षुल्लक वाटते. परंतु पुढील मालमोटारीस ओलांडण्यासाठी चालक उजवीकडे वळला, समोरून दुसरे वाहन आले, आणि नेमक्या त्याच क्षणी गाडीने वेग घेतला नाही, तर कोणता प्रसंग ओढवेल याची कल्पना तुम्हांस सहज येईल.

मुलांनो, अशा वेळी चांगला मिस्त्री आधी हत्यारांच्या पेटीला हात घालीत नाही, तो विचारतो, “पट्टी दाबल्यावर इंजिनाचा आवाज चढतो काय?” आवाज चढत असेल आणि वेग मात्र वाढत नसेल, तर इंजिन बहुधा निर्दोष असते. शक्ती उत्पन्न होते, पण ती चाकांपर्यंत पोहोचत नाही. पिठाच्या गिरणीचा पट्टा सैल झाला म्हणजे मोटर जोरात फिरते आणि जाते मात्र मंद चालते. तसाच हा प्रकार. इंजिन व गिअर यांना जोडणारी क्लचची तबकडी झिजून घसरू लागते, आणि चढावर जळका वासही येतो. येथे कितीही नवे प्लग बसविले तरी पैसा व्यर्थच जायचा.

आवाजही चढत नसेल तर? तरीही इंजिनावर एकदम आळ घेऊ नये. एखादा ब्रेक चाकाला धरून राहिला असेल, किंवा हातब्रेक अर्धवट ओढलेला असेल. सपाट जागी गिअर काढून गाडी ढकलून पाहिली की हे तत्काळ कळते. चार चाकांपैकी एकच चाक फार तापले असेल, तर अपराधी तेथेच सापडला. टायरमधील हवाही पाहून घ्यावी.

इतके झाल्यावर मग इंजिनाची पाळी. १८७६ साली निकोलाउस ओटो या जर्मन संशोधकाने चार टप्प्यांचे इंजिन चालवून दाखविले. आजचे पेट्रोल इंजिनही त्याच रीतीने चालते. हवा व पेट्रोल यांचे मिश्रण आत घ्यावयाचे, ते दाबावयाचे, ठिणगीने पेटवावयाचे आणि जळका वायू बाहेर टाकावयाचा. १ किलो पेट्रोल नीट जळण्यास जवळजवळ १५ किलो हवा लागते. म्हणजे एका लिटर पेट्रोलमागे सुमारे ९,००० लिटर हवा! ३ मीटर लांब, ३ मीटर रुंद व १ मीटर खोल असा हौद डोळ्यांपुढे आणा. तेवढी हवा एका कागदी गाळणीतून जाते. धुळीच्या रस्त्यांवर ही गाळणी लवकर तुंबते, आणि नाक दाबून डोंगर चढणाऱ्या माणसासारखी इंजिनाची अवस्था होते. गाळणी बदलण्याचा खर्च थोडा, म्हणून ती आधी पाहावी.

पेट्रोलचीही एक गाळणी असते. ती तुंबली तर गाडी सावकाश नीट चालते. पण चढावर जास्त पेट्रोलची मागणी होताच आचके देऊ लागते.

ठिणगीची कथा अधिक मनोरंजक आहे. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असता प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा ठिणगी पडते. चारांपैकी एक सिलिंडर पेटला नाही, तरी गाडी घाटात हतबल होते. जुन्या गाड्यांत मिस्त्री एकेका प्लगची तार क्षणभर काढून आवाज ऐके. तार काढूनही ज्या सिलिंडरच्या बाबतीत आवाजात फरक पडत नसे, तोच आधीपासून झोपलेला! (तुम्ही मात्र हे करू नका, त्या तारेत हजारो व्होल्टचा दाब असतो.) काढलेला प्लगही बोलका असतो. टोक फिकट तपकिरी असेल तर सर्व ठीक. कोरड्या काजळीने काळे असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. तेलकट असेल तर आत इंजिनाचे तेल जळत आहे.

मुंबईच्या रस्त्यांवर ऑक्टोबर २०२३ पर्यंत प्रीमियर पद्मिनी टॅक्सी धावत होत्या. त्यांत हवा-पेट्रोलचे मिश्रण कार्बोरेटर करीत असे. आजच्या गाड्यांत हे काम संगणक करतो, आणि बिघाड होताच समोर पिवळा दिवा लावतो. उपकरण जोडले की दोषाचा क्रमांक मिळतो. पण क्रमांक म्हणजे निदान नव्हे. ‘मिश्रणात पेट्रोल कमी’ एवढेच तो सांगतो. रबरी नळीला चीर गेली आहे की पंप थकला आहे, हे माणसालाच शोधावे लागते. क्रमांक वाचताच महागडा सुटा भाग बदलणारे मिस्त्रीही असतात. ग्राहकाने त्यांना कारण अवश्य विचारावे.

हवा, पेट्रोल, ठिणगी सर्व ठीक असूनही शक्ती येत नसेल, तर प्लगच्या जागी दाबमापक बसवून सिलिंडरातील दाब मोजतात. एखाद्यात तो कमी भरला, तर मिस्त्री तेथे चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजतो. दाब वाढला, तर पिस्टनची कडी झिजली आहेत, कारण तेलाने त्यांच्या फटी तात्पुरत्या बुजल्या. वाढला नाही, तर झडपा नीट मिटत नसाव्यात. कारण त्या वरच्या बाजूस असतात व तेल तेथवर पोहोचत नाही. झडपांचे काम इंजिनाचा वरचा भाग उतरवून होते. कड्यांसाठी मात्र बहुधा सारे इंजिन खोलावे लागते. म्हणून एवढा मोठा खर्च सांगण्यापूर्वी जाणता मिस्त्री तो चमचाभर तेलाचा प्रयोग दोनदा करून पाहतो.