नव्या पट्ट्यानंतर पंख्याचा आवाज : कारण व परीक्षा

आपल्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या दारीं आतां ट्रॅक्टर किंवा जीपगाडी उभी असते. या यंत्रांतील पंख्याचा पट्टा, ज्यास कारागीर फॅनबेल्ट म्हणतात, झिजला किंवा चिरला म्हणजे बदलावा लागतो. पट्टा बदलून गाडी घरीं आणावी आणि दुसऱ्याच दिवशीं इंजिनाच्या पुढच्या अंगानें पूर्वीं नसलेला आवाज यावा, असा अनुभव अनेकांस येतो. अशा वेळीं बहुतेक जण एकच उपाय करितात : पट्टा आणखी ताणतात. हाच उपाय पुष्कळदां घातक कसा होतो व आवाजाचें खरें कारण घरच्या घरीं कसें ओळखावें, हें या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

प्रस्तुत लेखक महसूल खात्यांतील निवृत्त कारकून आहे. यंत्रविद्या शिकलेला नाहीं. जें सांगावयाचें तें पदरमोड करून शिकलेलें आहे. माझ्या जुन्या जीपगाडीस नवा पट्टा घातल्यावर सकाळीं किंचाळल्यासारखा आवाज येऊं लागला. मीं स्वतःच पाना घेऊन पट्टा ताणला. आवाज थांबला, आणि कारागिराचे पैसे वाचविल्याचें समाधान वाटलें. पंधरा दिवसांनीं त्याच ठिकाणीं घरघर सुरू झाली. तीही पट्ट्याचीच समजून मीं पुन्हां ताण दिला. पुढें एके दिवशीं तालुक्याहून परततांना पाण्याच्या पंपाचें बेअरिंग तुटलें, पंखा पुढें सरकून रेडिएटरवर आदळला व रेडिएटरच्या नळ्या फाटल्या. पट्ट्याच्या किमतीच्या अनेक पट खर्च आला आणि ऐन पेरणींत गाडी आठ दिवस उभी राहिली. दोष दुसऱ्या कोणाचा नव्हता, माझ्या घाईचा होता.

प्रथम रचना ध्यानीं घ्यावी. जुन्या धर्तीच्या जीपगाड्यांत व बहुतेक ट्रॅक्टरांत पंखा पाण्याच्या पंपाच्या दांड्यावरच बसविलेला असतो. इंजिनाच्या मुख्य दांड्यावरील पुली पट्ट्यास ओढते, आणि पट्टा पंपाची व वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरची अशा दोन पुल्या फिरवितो. म्हणून ज्यास आपण पंख्याचा आवाज म्हणतों, तो पट्टा, पंखा, पंप व अल्टरनेटर या चौघांपैकीं कोणाचाही असूं शकतो. जुना पट्टा सैल पडलेला असल्यामुळें बेअरिंगांवर ओढ कमी होती. नवा पट्टा ताठ बसतांच त्यांचें आंतलें जुनें दुखणें बोलूं लागतें. आजच्या बहुतेक लहान मोटारींत पंखा विजेवर चालतो व त्याचा पट्ट्याशीं संबंध नसतो. तेथें पट्ट्यानंतर आवाज आला तर पंख्यास सोडून पंप, अल्टरनेटर व ताण देणारी पुली यांकडे पाहावें.

परीक्षेपूर्वीं एक सावधगिरी. इंजिन बंद करून थंड होऊं द्यावें व किल्ली आपल्या खिशांत ठेवावी. इंजिन चालू असतांना खांद्यावर उपरणें, गळ्यांत मफलर किंवा सैल बाही नसावी. विजेचा पंखा कांहीं मोटारींत इंजिन बंद असतांनाही आपोआप फिरूं लागतो, हें विसरूं नये.

पहिली परीक्षा कानाची. इंजिन सुरू करतांना अथवा वेग वाढवितांना किंचाळल्यासारखा आवाज आला, तर पट्टा घसरत आहे. तो सैल असेल किंवा त्यास तेल लागलें असेल. चिमणीसारखी एका तालांतील चिवचिव आली, तर पुल्या एका रेषेंत नसण्याचा संभव असतो. वेगाबरोबर वाढणारी अखंड घरघर बेअरिंगची असते. खटखट किंवा खरखर येत असल्यास पंख्याचें पातें भोवतालच्या कड्यास घासत आहे किंवा त्याचे बोल्ट ढिले आहेत असें समजावें.

दुसरी परीक्षा डोळ्यांची. पुल्यांच्या बाजूनें सुतळी ताणून धरावी व पट्टा एका पुलीवरून दुसरीवर सरळ जातो कीं तिरका, तें पाहावें. हा पट्टा आपल्या दोन तिरप्या बाजूंनीं पुलीची खांच पकडतो, तळानें नव्हे. तो खांचेच्या तळास टेकत असेल तर माप चुकलें आहे. असा पट्टा कितीही ताणला तरी घसरणारच.

तिसरी परीक्षा अंगठ्याची. दोन पुल्यांमधील सर्वांत लांब भागावर मधोमध अंगठ्यानें दाबावें. सामान्यतः १० ते १५ मिलिमीटर दबला म्हणजे ताण योग्य होय. गाडीच्या पुस्तकांत निराळा आंकडा दिला असल्यास तोच प्रमाण मानावा.

चौथी परीक्षा पाण्याची. इंजिन मंद चालवून, हात दूर ठेवून, बाटलीनें पट्ट्याच्या आंतल्या बाजूवर थोडें पाणी उडवावें. आवाज क्षणभर थांबून पुन्हां आला तर पुल्यांची रेषा तपासावी. आवाज वाढला तर ताण कमी आहे.

पांचवी परीक्षा सर्वांत महत्त्वाची. इंजिन बंद करून पट्टा उतरवावा. पंखा दोन्ही हातांनीं धरून मागेंपुढें हलवावा. मग हातानें सावकाश फिरवावा. तो लटपटला किंवा फिरतांना खरखरीत लागला तर पंपाचें बेअरिंग गेलें आहे. पंपाच्या खालच्या अंगास एक बारीक छिद्र असतें. तेथून पाणी ठिबकत असेल तर पंपाचें सीलही गेलें आहे. अल्टरनेटरची पुलीही अशीच फिरवून पाहावी. तरीही शंका राहिल्यास पट्ट्याविना इंजिन अर्धा मिनिट चालवावें, अधिक नव्हे. कारण त्या वेळीं पाणी खेळत नाहीं. आवाज नाहींसा झाला तर दोष पट्ट्यानें फिरणाऱ्या भागांत, कायम राहिला तर इंजिनांत.

पट्टा घालण्यासाठीं पंखा काढला असेल तर तो उलटा तर बसला नाहीं ना, हेंही पाहावें. उलट्या पंख्यानें घोंघावणें वाढतें, वारा कमी लागतो व इंजिन तापतें.

आतां उपाय. रेषा चुकली असेल तर ती आधीं सुधारावी, मग ताण द्यावा. लटपटणारा पंप बदलावा. ताणानें तो सुधारत नाहीं. नवा पट्टा कांहीं तास चालल्यावर खांचेंत बसून थोडा सैल होतो, म्हणून एकदां पुन्हां तपासावा. सपाट पट्ट्यास राळ लावण्याची जुन्या लोकांची संवय होती; या पट्ट्यास राळ, साबण किंवा तेल कांहींच लावूं नये.

कचेरींत बांधाची तक्रार आली म्हणजे आधीं जागेवर जाऊन पाहणी, मग निकाल, अशी रीत होती. पाहणीवांचून दिलेला निकाल पुढें फिरत असे. इंजिनाच्या तक्रारीसही तीच रीत लागू आहे. पान्यास हात घालण्यापूर्वीं या पांच परीक्षांस अर्धा तास द्यावा; पेरणीचे आठ दिवस वांचतील.