बेअरिंग गेलं, पण कशानं?

चि. भाच्यास,



राउटरचं बेअरिंग पुन्हा गेलं, आता त्याच नंबरचं पण महागातलं आणून बसवतो, असं तू लिहिलं आहेस. बसव, पण त्याआधी हे पत्र नीट वाच. लाकूडकामाच्या मशीनमधलं बेअरिंग वयानं क्वचितच जातं. त्याला धूळ मारते, वाळलेलं ग्रीस मारतं, नाहीतर बसवणाऱ्याचा हातोडा मारतो. कशानं गेलं हे न बघता नवं बसवलं, तर तेही त्याच वाटेनं जाणार, मग पैसे कितीही मोजलेले असोत. हे मी उगीच म्हणत नाही, त्याचा हिशेब मांडता येतो.

लुंडबर्ग आणि पामग्रेन या दोघा स्वीडिश संशोधकांनी १९४७ साली बेअरिंगच्या आयुष्याची जी मांडणी केली, तिच्यावर आजही सगळा धंदा चालतो. बॉल बेअरिंगची कंपनीनं दिलेली भारक्षमता घ्यायची, तिला प्रत्यक्ष भारानं भागायचं, येणाऱ्या आकड्याचा घन करायचा. तितके दहा लाख फेरे शंभरातली नव्वद बेअरिंगं तरी काढतात. ६००० नंबरच्या बेअरिंगची ही क्षमता सुमारे ४५० किलो असते. आता भार बघ. हजार वॉटचं राउटर, २० मिलीमीटरचं बिट आणि मिनिटाला २५,००० फेरे धरले, तर धारेचा वेग सेकंदाला २६ मीटर होतो आणि धारेवरचं बळ चार किलोच्या आत येतं. बिट बेअरिंगच्या खाली लोंबत असल्यानं तरफेसारखा भार वाढतो, म्हणून आपण सढळ हातानं २० किलो धरू. ४५० भागिले २० म्हणजे साडेबावीस; त्याचा घन ११,३९० च्या आसपास; म्हणजे १,१३९ कोटी फेरे. तासाला १५ लाख फेऱ्यांनी हे साडेसात हजार तास झाले. दिवसाला दोन तास बिट खरोखर लाकडात असतं असं मानलं आणि वर्षाचे तीनशे दिवस काम धरलं, तरी बारा वर्षं. तुझं बेअरिंग वर्षभरात जातं. मधली अकरा वर्षं कुठे गेली, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर पोलादाच्या दर्जात सापडणार नाही.

या हिशेबाला एक दुसरी बाजूही आहे. घनाचा नियम उलटाही चालतो: भार दुप्पट झाला की आयुष्य आठव्या हिश्श्यावर येतं. बोथट बिट रेटून चालवणं किंवा टेबल सॉचा पट्टा तारेसारखा ताणून ठेवणं म्हणजे हेच. पट्ट्यावर चालणाऱ्या मशीनचं पुलीच्या बाजूचं बेअरिंग वरचेवर जात असेल, तर आधी पट्टा सैल कर, मग बाजारात जा.

आता जुन्या बेअरिंगकडे वळू. ते भंगारात टाकायच्या आधी उघड. सील टोकदार सुईनं उचकटून काढ, ग्रीस बोटावर घेऊन बघ, मग रॉकेलमध्ये धुऊन गोळ्यांची खाच उजेडात धर. बाहेरची रिंग वाइसमध्ये फोडावी लागली तर जुन्या कापडात गुंडाळून फोड, डोळ्यांवर चष्मा ठेव. ते पोलाद कडक असतं आणि त्याचे तुकडे उडतात. खाच आरशासारखी असायला हवी. ती राखी, मंद आणि बारीक टिपक्यांची दिसली तर आत धूळ शिरली होती. ग्रीस काळं, कोरडं, खरवडून निघण्यासारखं असेल आणि पोलादावर तपकिरी-निळी झाक असेल, तर उष्णतेनं गेलं. गोळ्यांमधल्या अंतराइतक्याच अंतरावर खड्ड्यांची रांग असेल, तर ते बसवतानाच गेलं होतं. चाललं तितके दिवस ते उधारीवर चाललं. आणि वेग बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक ड्राइव्हवर चालणाऱ्या मोटरीच्या बेअरिंगमध्ये पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या रेघा उठल्या असतील, तर वीज त्यातून वाट काढते आहे, तिथे इलेक्ट्रिशियनच हवा. पाच मिनिटांची ही तपासणी कोणत्याही महागड्या ब्रँडपेक्षा जास्त उपयोगी आहे.

तुझ्या कामात धुळीवर संशय सगळ्यात आधी घ्यावा. सागात सिलिका असते, म्हणूनच तो पात्यांची धार इतक्या लवकर खातो. तीच सिलिका धुळीतून बेअरिंगमध्ये गेली तर पॉलिश पेपरचं काम करते. एमडीएफची धूळ तर पिठाहून बारीक. शिवाय लाकडाची धूळ ग्रीसमधलं तेल शोषून घेते आणि पावसाळ्यात हवेतला ओलावाही; कोकणात चार महिने मशीन पडून राहिलं की खाचेत गंज धरतो तो यामुळेच. म्हणून नंबराच्या मागची अक्षरं नंबराइतकीच महत्त्वाची मान. ६००० हा आकडा फक्त माप सांगतो: १० मिलीमीटरचं भोक, २६ चा बाहेरचा व्यास, ८ ची जाडी. झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं; त्यांच्या आणि आतल्या रिंगच्या मध्ये फट असते, आणि बारीक धुळीला फट पुरते. टूआरएस म्हणजे आतल्या रिंगला घासून बसणारं रबरी सील. दुकानदार ‘दोन्ही एकच’ म्हणेल. मापानं एकच, कामानं नाही.

यावर जाणकाराचा एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही: घासणारं सील वेगात तापतं. ६००० च्या टूआरएसची वेगमर्यादा साधारण १९-२० हजार फेऱ्यांवर थांबते, झेडझेडची तीस हजारांच्या वर जाते. मग २५ हजारांनी फिरणाऱ्या राउटरला काय घालायचं? तिसरा प्रकार आहे: रबराचंच पण न घासणारं सील, जे रिंगच्या खाचेत वळण घेऊन बसतं. कुणी त्याला एलएलबी म्हणतं, कुणी व्हीव्ही, कुणी टूआरझेड. त्याची वेगमर्यादा झेडझेडच्या जवळपास आणि धूळ अडवण्याची ताकद पत्र्यापेक्षा बरी. सर्क्युलर सॉ, टेबल सॉ, रंधा मशीनचा ब्लॉक हे मिनिटाला पाच-सहा हजारांच्या आसपास फिरतात, तिथे घासणारं सील निःशंक घाल. राउटर आणि ट्रिमरला न घासणारं. पण कंपनीनं मुळात जी अक्षरं घातली आहेत ती आधी वहीत उतरव आणि सबळ कारणाशिवाय त्यांच्यापासून हलू नकोस. तिथे सी३ लिहिलं असेल तर सी३च आण. मोटर तापली की शाफ्ट फुगतो, आतली रिंगही फुगते आणि गोळ्यांची जागा आवळते; सी३ मध्ये ती जागा मुळातच थोडी जास्त ठेवलेली असते. ते हाताला किंचित सैल लागतं म्हणून परत करू नकोस.

‘सील काढून धुतो, ताजं ग्रीस भरतो, चालेल’ असं सांगणारे भेटतील. चालेल, काही आठवडे. धुळीनं खाचेत पाडलेले टिपके ग्रीसनं भरून निघत नाहीत. वर आपण भरताना ठासून भरतो. मोकळ्या जागेच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं ग्रीस पुरे असतं, जास्त झालं की ते घुसळून तापतं. आणि सत्तर अंशांच्या पुढे दर पंधरा अंशांना ग्रीसचं आयुष्य निम्मं होतं, हा कंपन्यांचा सर्वमान्य ठोकताळा आहे. गंज काढायच्या फवाऱ्याचं तर नावच नको: तो ग्रीस धुऊन नेतो, दोन दिवस आवाज बंद होतो आणि आपल्याला वाटतं दुरुस्ती झाली. बाहेरून ब्लोअर मारायला हरकत नाही, पण सीलवर नेम धरून नाही, आणि बेअरिंग हवेनं गरगर फिरवण्याचा खेळ तर अजिबात नाही.

बसवण्याबद्दल जरा विस्तारानं लिहितो, कारण माझ्या मते निम्मी नवी बेअरिंगं इथेच बाद होतात. आपल्या मशीनमध्ये आतली रिंग शाफ्टवर घट्ट असते आणि बाहेरची हाउसिंगमध्ये थोडी सैल. तेव्हा शाफ्टवर बसवताना दाब फक्त आतल्या रिंगवर यायला हवा. बाहेरच्या रिंगवर ठोकलंस तर सगळा मार गोळ्यांमधून जातो, आणि गोळी खाचेला टेकते ती टिंबाएवढ्या जागेवर. एका ठोक्यात खड्डा पडतो, डोळ्यांना दिसत नाही, कानाला महिन्याभरानं कळतो. आतल्या रिंगएवढी पाइप किंवा सॉकेट घे, शाफ्टला तेलाचं बोट लाव आणि वाइसमध्ये किंवा प्रेसखाली सरळ दाब. दोन्ही रिंग एकदम घट्ट बसणार असतील तर दोन्हींवर टेकणारी सपाट चकती घे. ॲल्युमिनियमच्या हाउसिंगमध्ये बसत नसेल तर हॉट एअर गननं हाउसिंग तापव: सत्तर अंशांच्या वाढीनं ३० मिलीमीटरचं भोक जवळपास पाच शतांश मिलीमीटर मोठं होतं, बेअरिंग हातानं आत जातं. सील असलेलं बेअरिंग मात्र ऐंशी अंशांच्या वर तापवू नकोस, गॅसच्या ज्योतीवर तर कधीच नाही. जुनं काढताना पुलर बाहेरच्या रिंगला लागला तरी चालतं, कारण ते पुन्हा बसवायचं नाहीच.

तू म्हणशील, दोनशे रुपयांच्या वस्तूसाठी एवढी उस्तवारी कशाला, वर्षाला एक बदलू. बेअरिंग स्वस्त आहे हे खरं, पण ते ज्याला धरून असतं ते स्वस्त नाही. आर्मेचर आणि फिल्डमधली फट मिलीमीटरच्या अंशात असते. बेअरिंगला प्ले आला की आर्मेचर फिल्डला घासतं, मग वाइंडिंगचा खर्च बेअरिंगच्या कितीतरी पट. रिंग अडकून हाउसिंगमध्ये फिरायला लागली तर तिची जागाच सैल होते आणि पुढची सगळी नवी बेअरिंगं तिथे खुळखुळतात. अशी जागा थोडी सैल असेल तर रिटेनिंग कंपाउंड धरतं; बोटानं हलण्याइतकी सैल असेल तर टर्नरकडून बुश घालून घे. प्लॅस्टिकची जागा वितळली असेल तर ते हाउसिंग बदलायचं, तिथे चिकटवाचिकटवी करायची नाही.

म्हणून आवाज येईपर्यंत थांबू नकोस. काम आधी सांगतं. रंधा मशीनचा दोन पात्यांचा ब्लॉक मिनिटाला ५,००० फेरे घेत असेल आणि लाकूड मिनिटाला पाच मीटर सरकत असेल, तर दर अर्ध्या मिलीमीटरला एक काप पडतो. पाती नीट लावलेली असूनही लाटा एक मिलीमीटरच्या दिसू लागल्या, तर एकच पातं पृष्ठभागाला पोचतं आहे. बेअरिंगचा प्ले तपास. प्लग काढून बिट हातानं आडवं हलवून बघ. मोटरचे कार्बन ब्रश काढून शाफ्ट फिरव. खरखर राहिली तर ती बेअरिंगची, गेली तर कार्बन किंवा कम्युटेटरची. आणि मशीन एकदा उघडलंच तर दोन्ही टोकांची बेअरिंगं बदल, कारण धूळ दोघांनी सारखीच खाल्लेली असते.

खरेदीचं एवढंच. चिंचवडला एसकेएफचा कारखाना आहे, १९४६ सालची जयपूरची नॅशनल इंजिनिअरिंग एनबीसी नावानं माल काढते. चांगलं बेअरिंग आपल्याकडे बनतं आणि त्याच्या नकलाही विकल्या जातात. मुंबईची नागदेवी स्ट्रीट असो की तुझ्या गावचं दुकान, अधिकृत विक्रेत्याकडून बिल घेऊन घे, पाकीट बसवायच्या वेळेपर्यंत फोडू नकोस. आणि राउटरमधून काढलेलं ते बेअरिंग अजून टाकलं नसशील, तर आजच उघड आणि खाचेवर काय दिसतं ते मला कळव. नवं कोणतं आणायचं ते मग ठरवू.

तुझा,
मामा