बाक बदलताना

अलिबाग-पेणकडच्या जुन्या माणसांना ‘शनिवार तेली’ हे नाव ठाऊक आहे. तेलाचा घाणा चालवणारे आणि शनिवारी तो बंद ठेवणारे आपल्या जिल्ह्यातील बेने इस्रायल, म्हणजे ज्यू लोक. पेणकर, रोहेकर, नवगावकर ही त्यांची आडनावे. घरची भाषा मराठी. पनवेलला त्यांचे सिनेगॉग १८४९ पासून आहे. १९४८ नंतर त्यांतील बहुतेक इस्रायलला गेले, पण धर्मासाठी येथून त्यांना कुणी हाकलले नाही. याचा आपल्याला अभिमान वाटतो.

जर्मनीत मात्र निराळे घडले. १९३३ मध्ये कायद्याने शाळा-कॉलेजांतील ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा आली. वर्गात टिंगल, मारहाण, वेगळा बाक सुरू झाला. नोव्हेंबर १९३८ मध्ये ज्यू मुलांना सरकारी शाळांतून काढूनच टाकले. मृत्यूच्या छावण्या नंतर आल्या. आधी आली ती वर्गातील टिंगल. कडक सरांना गमतीने ‘हिटलर’ म्हणताना आपण हे विसरतो.

पण सगळेच गप्प बसले नाहीत. १९४० मध्ये जर्मनांनी हॉलंड जिंकले व ज्यू प्राध्यापकांना नोकरीवरून दूर केले. २६ नोव्हेंबरला लायडन विद्यापीठात प्रा. क्लेव्हरिंगा यांनी आपल्या ज्यू गुरूंच्या, प्रा. मायर्स यांच्या, बाजूने भर सभेत भाषण केले. विद्यार्थ्यांनी संप केला. जर्मनांनी विद्यापीठाला टाळे ठोकले, क्लेव्हरिंगांना तुरुंगात टाकले.

हे वाचताना मला माझा आठवीचा वर्ग आठवला. वर्गात एक कातकरी मुलगा होता. त्याच्या जातीवरून, कपड्यांवरून मुले त्याला चिडवीत. मीही हसलो. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेला मीच पहिला. मला कुणी हसू नये, म्हणून मी दुसऱ्याला हसलो. एके दिवशी वर्गातील एका मुलीने दप्तर उचलले आणि ती त्याच्या बाकावर जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी आणखी दोघी गेल्या. कुणी भाषण केले नाही, पण चिडवणे थांबले.

दिवाळीनंतर तो आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेला, तो परत आलाच नाही. त्याची क्षमा मागायची राहून गेली.

मित्रहो, लायडनच्या मुलांना आपले विद्यापीठ गमवावे लागले. आपल्याला तर फक्त बाक बदलायचा असतो.