सॉफ्टवेअरवाल्याचा फोन लागेना

जालन्यात आमचं कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खतं, औषधं आणि मोसंबीवाल्यांसाठी ठिबकचं सामान. पेरणीची उधारी सोयाबीन-कापूस विकल्यावर वसूल होते, त्यामुळे धंद्याचा सगळा जीव खातेउताऱ्यात. तो एका बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये होता. एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीची फी, वेळेवर भरलेली, पावत्या फाइलला लावलेल्या. २०२५च्या उन्हाळ्यात कंपनीचे फोन बंद पडले. दुकानात येऊन दुरुस्ती करणाऱ्या मुलानं नोकरी सोडली होती, ई-मेलला उत्तर येत नव्हतं.

प्रोग्राम मात्र चालू होता, आणि धोका तिथेच असतो. बिलं निघतात तोवर कुणालाच घाई वाटत नाही. इकडे नियम बदलत राहतात. मे २०२५च्या जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रापासून एचएसएनचा, म्हणजे मालाच्या कोडनिहाय, गोषवारा नोंदणीकृत व्यापारी आणि इतर ग्राहक असा वेगवेगळा द्यावा लागतो. आमच्या प्रोग्रामला ती विभागणी जमेना. सीएंच्या ऑफिसात दर महिन्याला हातानं जुळवाजुळव सुरू झाली.

मग २२ सप्टेंबर आला, घटस्थापनेचा दिवस. ठिबक संचावरचा कर १२ टक्क्यांवरून ५ वर आला. बदनापूरकडचे एक काका बातमी वाचूनच नळ्या घ्यायला आले होते. स्क्रीनवर १२च. मालाच्या यादीतला कराचा रकाना राखाडी पडलेला, त्यावर क्लिक केलं की कंपनीचा पासवर्ड मागायचा. "भाऊ, पाच झालंय ना आता?" काकांनी विचारलं. कार्बन घालून बिलबुकात हातानं बिल केलं. जीएसटीत बिलांची वेगळी क्रममालिका चालते, म्हणून ते तरी निभावलं.

ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना कळकळीनं सांगतो: फोन लागेनासा झाला की त्याच आठवड्यात डेटा बाहेर काढा. एक्सेलमध्ये निघत असेल तर उत्तम. आमचा निघाला नाही, म्हणून प्रत्येक शेतकऱ्याचा खातेउतारा, विक्री-खरेदीची रजिस्टरं आणि साठ्याचा तक्ता पीडीएफ करून दोन पेनड्राइव्हवर ठेवला. नुसता बॅकअप आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ती फाइल त्याच प्रोग्राममध्ये उघडते, आणि लायसन्स संपलं की प्रोग्रामच उघडत नाही. उधारीच्या बाकीची खात्री फोन करून शेतकऱ्याकडून करून घ्या, मगच नव्या प्रोग्राममध्ये आरंभीची शिल्लक टाका. हे काम कंटाळवाणं आहे, पण चुकीची बाकी मागितली तर वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक तुटतं. जुना कॉम्प्युटर फॉरमॅट करू नका. जीएसटी कायद्यानुसार वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जपायची जबाबदारी दुकानदाराची आहे; कंपनी पळाली ही सबब तिथे चालत नाही.

एएमसीत अडकलेल्या पैशांचं म्हणाल तर आधी कंपनीला स्पीड पोस्टानं नोटीस पाठवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रारदाराला आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात जाता येतं, म्हणजे कंपनी पुण्याची असली तरी जालन्यातच. मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. अडचण एकच: धंद्यासाठी घेतलेली सेवा व्यापारी हेतूची ठरवून तक्रार फेटाळली जाऊ शकते. तेव्हा वकिलांना पावत्या दाखवून ग्राहक आयोग की दिवाणी दावा, हे आधी ठरवा.

नवं सॉफ्टवेअर घेताना आम्ही डेमोतच पाच गिऱ्हाइकांचा उतारा एक्सेलमध्ये काढून मागितला. करदर बदलायचा पासवर्ड दुकानाकडे राहील आणि सेवा बंद करायची झाली तर तीन महिने आधी कळवून सगळा डेटा देऊ, हे लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी मागितलं. स्वस्तात देणाऱ्या एका विक्रेत्यानं लिहून द्यायला नकार दिला. त्याच्याकडून घेतलं नाही.