वाचनात मागे पडलेली मुले आणि वर्गातील बोलकी साधने

चौथ्या इयत्तेतील एखादे मूल धडा घडाघडा म्हणून दाखविते, गुरुजी समाधानाने पुढच्या मुलाकडे वळतात; पण त्याच धड्यातील मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून तो विचारावा, तर ते मूल गप्प होते. हा अनुभव खेड्यातील शिक्षकांना नवा नाही. मुलाने धडा वाचलेला नसतो, कानाने ऐकून तो तोंडपाठ केलेला असतो. वर्षानुवर्षे असे चालत राहिले म्हणजे मूल वरच्या इयत्तेत पोचते, परंतु गणितातील उदाहरणही त्यास स्वतः वाचता येत नाही आणि मग ते हळूहळू शाळेत येण्याचेच टाळू लागते.

आता बहुतेक शाळांतून लोकवर्गणीने वा अनुदानाने घेतलेला एखादा टीव्ही संच असतो, आणि शिक्षकांपाशी मोबाइल तर असतोच. ही साधने वर्गात आली म्हणजे मुले रमतात, हे खरे. परंतु मुले रमली म्हणजे ती वाचावयास शिकली, असे मात्र नव्हे. बोलक्या साधनाने वरील दोष वाढण्याचाच संभव अधिक असतो. कविता दहा वेळा चालीवर वाजली, की ज्या मुलास एकही अक्षर येत नाही तेही ती म्हणू लागते, आणि शिक्षकांचीही फसगत होते. यास्तव आवाज ऐकताना मुलाची दृष्टी कोठे आहे, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारला पाहिजे. ती चित्रावर असेल तर करमणूक झाली. अक्षरावर असेल तरच वाचनास मदत झाली.

या बाबतीत गुजरातेतील एक प्रयोग पाहण्याजोगा आहे. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील ब्रिज कोठारी यांनी १९९६ साली अशी कल्पना मांडली की, दूरदर्शनवरील चित्रपटगीतांचे शब्द त्याच भाषेत पडद्याच्या तळाशी दाखवावेत आणि गाणाऱ्याच्या आवाजाबरोबर त्या त्या शब्दाचा रंग पालटत जावा. १९९९ साली अहमदाबाद केंद्राच्या ‘चित्रगीत’ या गुजराती कार्यक्रमात हे प्रत्यक्षात आले, आणि २००२ साली ‘चित्रहार’ या देशभर पाहिल्या जाणाऱ्या हिंदी कार्यक्रमातही त्याचा अवलंब झाला. युक्ती साधी आहे. गाणे ओळखीचे असल्याने पुढचा शब्द कोणता हे कानास आधीच ठाऊक असते. डोळ्यास केवळ त्या शब्दाचे रूप ओळखावयाचे उरते.

मराठी वाचनात तर या कान-डोळ्यांच्या जोडीचे महत्त्व विशेष आहे, कारण आपल्या लिपीत काही ठिकाणी उच्चाराचा क्रम व लेखनाचा क्रम जुळत नाही. ‘विहीर’ या शब्दात पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी येते आणि दुसरी नंतर. उच्चारात मात्र दोन्ही नंतरच. ‘वर्ग’ म्हणताना र आधी उच्चारला जातो, पण तो बसतो ग च्या माथ्यावर. तोच र ‘क्रम’ मध्ये खाली तिरका होतो. ‘चिंच’ या एवढ्याशा शब्दातील दोन च एकसारखे उच्चारले जात नाहीत. चांगल्या वाचकास हे जाणवतही नाही. अडखळणारे मूल मात्र नेमके येथेच थांबते, आणि त्याच क्षणी शुद्ध उच्चार कानी पडला तर ते पुढे जाऊ शकते.

ते सारे विकतच्या सामग्रीनेच साधते, असे नाही. पाठ्यपुस्तकातील साठ-सत्तर शब्दांचा उतारा घ्यावा. एका विद्यार्थ्याने मोबाइल पुस्तकावर स्थिर धरावा. शिक्षकांनी शब्दांखाली बोट सरकवीत तो उतारा वाचावा आणि त्याचे चित्रण करावे. गती बेताची असावी. परंतु शब्द तोडून एकेक अक्षर सुटे म्हणू नये, त्याने अर्थ हरवतो. हेच चित्रण टीव्हीवर दाखविताना शेवटच्या रांगेतील मुलास अक्षरे दिसतात की नाही, हे तेथे बसून पाहावे. (ज्यास ती दिसत नाहीत त्याचा दोष वाचनाचा नसून दृष्टीचाही असू शकतो. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येईल तेव्हा अशा मुलाचे नाव त्यांस आवर्जून द्यावे.)

दुसऱ्या चित्रणात दर ओळीतील एखादा शब्द शिक्षकांनी म्हणू नये. बोट मात्र त्या शब्दाखाली क्षणभर थांबवावे. तो शब्द मुलांनी म्हणावा. पुढे अशा गाळलेल्या जागा वाढवीत जाव्यात आणि अखेरीस आवाज पूर्ण बंद करून केवळ बोट सरकत राहावे. हा भाग कंटाळवाणा म्हणून सोडून दिला जातो, आणि येथेच बहुतेकांचे श्रम वाया जातात. आधार काढून घेतल्यावाचून मूल वाचू लागले की नाही, हे कळत नाही.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांस क्यूआर कोड जोडून ध्वनिमुद्रित कविता व पाठ मुलांपर्यंत पोचविले. २०२० साली त्यांस जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्या कामाचा बोध यंत्रात नाही. जो पाठ मुलाच्या हाती आहे, त्याचाच आवाज त्याच्या कानी पडावा, ही दृष्टी त्यात महत्त्वाची आहे. घरी वारली, कोरकू वा अहिराणी बोलणाऱ्या मुलास पुस्तकी मराठीचा शहरी आवाज परका वाटतो. तेथे गावातील एखाद्या आजीची गोष्ट तिच्याच बोलीत ध्वनिमुद्रित करून घ्यावी, ती देवनागरीत मोठ्या अक्षरात कागदावर उतरवावी, आणि पहिले वाचन त्यावरून घ्यावे. शब्द ओळखीचे असल्यावर अक्षरांची भीती निम्मी होते.

प्रगती पाहण्यासाठी ‘प्रथम’ या संस्थेने २००५ पासून ‘असर’ पाहणीत वापरलेली पद्धत सोयीची आहे. एकेका मुलास जवळ बसवून अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद व दुसरीच्या पातळीची गोष्ट असे पायरीपायरीने वाचावयास द्यावे. मजकूर मात्र न ऐकलेला, नवा असावा. वर्गासमोर उभे करून ही परीक्षा घेऊ नये; इतर मुले हसली, की ते मूल पुढील महिनाभर तोंड उघडत नाही.

वीज नसणे किंवा जोडणी तोडलेली असणे, ही अडचण अनेक शाळांना सोसावी लागते. चित्रण मोबाइलमध्येच साठविलेले असल्यास इंटरनेट लागत नाही, आणि चार-पाच मुलांच्या गटास छोटा पडदाही पुरतो. घरचा मोबाइल बहुधा वडिलांबरोबर शेतावर वा कामावर जातो व संध्याकाळी परततो. म्हणून घरी ऐकावयाचा उतारा दोन-तीन मिनिटांहून मोठा नसावा. आईस अथवा मोठ्या बहिणीस एवढेच सांगून ठेवावे की, आवाज चालू असता मुलाचे बोट पुस्तकातील शब्दावर आहे की नाही, तेवढे पाहावे. स्वतः आईस वाचता येत नसले तरी एवढे तिला पाहता येते.