खिजगणतीत नसलेला गडी

गोष्ट म्हटली की तिला एक नायक असतो. नायकाच्या मागे त्याचा जोडीदार असतो. नायक लढतो, जोडीदार सामान सांभाळतो. गोष्ट संपली की नायकाचं नाव सगळ्यांच्या तोंडी राहतं. जोडीदाराला कोण विचारतो? आज आपण अशाच एका जोडीदाराची गोष्ट वाचू. ही गोष्ट अमेरिकेतल्या टेलिव्हिजनवरची आहे.

अमेरिकेत १९९७ ते २००३ या काळात 'बफी द व्हॅम्पायर स्लेअर' नावाची मालिका दाखवली गेली. तिच्यातलं सनीडेल हे गाव काल्पनिक आहे. ते कॅलिफोर्निया राज्यात आहे असं मानलेलं आहे. तिथल्या शाळेच्या ग्रंथालयाखाली नरकाचं दार आहे. त्यामुळे गावात भुतंखेतं आणि रक्त पिणारी पिशाच्चं सुटतात. बफी ही शाळकरी मुलगी त्यांच्याशी लढते. भुतं खरी की खोटी, हा आपला आजचा प्रश्न नाही. भुतांच्या आडून इथे माणसांची गोष्ट सांगितली आहे. ती आपण बघू.

बफीच्या मंडळीत प्रत्येकाच्या अंगी काही ना काही आहे. बफीला अचाट बळ आहे. विलोला मंत्रविद्या येते. ऑझ पौर्णिमेच्या सुमाराला लांडगा होतो. ग्रंथपाल जाइल्स जुन्या पोथ्या जाणतो. राहिला झँडर. त्याच्यापाशी बळ नाही, विद्या नाही. तो हसवतो, आणि हाकेला धावून येतो. एवढंच.

२६ जानेवारी १९९९ रोजी दाखवलेला भाग या झँडरवर आहे. तो डॅन वेबर यांनी लिहिला. झँडरचं काम निकोलस ब्रेंडन या नटाने केलं. भागाचं नाव आहे 'द झेपो'.

सुरुवातीलाच एका झटापटीत झँडर मार खातो. मंडळी त्याला म्हणतात, तू आपला लढाईपासून लांब राहा. त्यांचा हेतू वाईट नाही. त्यांना त्याच्या जिवाची काळजी आहे. पण ज्याला असं बाजूला बसवतात, त्याच्या मनाला काय वाटत असेल? त्यात कॉर्डेलिया नावाची मुलगी त्याला टोमणा मारते. या मंडळीत तू म्हणजे झेपो, असं ती म्हणते. म्हणजे असला काय, नसला काय, सारखाच!

त्याच वेळी नरकाचं दार उघडू लागतं. सारी मंडळी त्या कामाला लागतात. झँडर एकटा पडतो. मग त्याची गाठ जॅक नावाच्या दांडगट पोराशी पडते. जॅक आपल्या मेलेल्या दोस्तांना मंत्राने उठवतो. ते झँडरला म्हणतात, तूही मर, म्हणजे आमच्यातला होशील. बघा, कसा पेच आहे! एका मंडळीत त्याला जागा नाही. दुसरीत जागा आहे, पण जीव देऊन.

झँडर तिथून पळ काढतो. मदत मागायला तो बफीकडे जातो. पण ती आपल्याच दुःखात बुडालेली असते. तो तसाच माघारी फिरतो. मग त्याला कळतं, की त्या पोरांनी शाळेच्या तळघरात बॉम्ब ठेवला आहे. त्याचे सोबती त्याच शाळेत राक्षसाशी लढताहेत! त्यांना बॉम्बची गंधवार्ताही नाही.

झँडर एकटाच तळघरात उतरतो. बॉम्बचं घड्याळ चालू आहे. जॅक समोर उभा आहे. झँडर त्याची वाट अडवून धरतो. मला मरणाची भीती नाही, असं तो शांतपणे सांगतो. तू तुझं बघ. सेकंद सरत जातात. अगदी शेवटच्या क्षणी जॅकचाच धीर सुटतो. तो बॉम्बची तार उपटतो. सगळे वाचतात.

इथे सांगण्याची रीत ध्यानात घ्या. जग वाचवणारी मोठी लढाई आपल्याला नुसती ओझरती दिसते. झँडर दारातून डोकावतो, तेवढीच ती आपणही बघतो. एरवी जो कडेला असतो तो इथे मधोमध आहे, आणि नायिका कडेला आहे.

दुसऱ्या दिवशी मंडळी रात्रीच्या लढाईबद्दल बोलत बसतात. झँडर ऐकतो, पण आपली हकीकत सांगत नाही. कॉर्डेलिया पुन्हा टोमणे मारते. तो नुसता हसतो आणि चालू लागतो. काल त्याला दुसऱ्याच्या शाबासकीची भूक होती. आज ती उरलेली नाही.

आता झेपो कोण, ते सांगतो. अमेरिकेत मार्क्स बंधू नावाचे विनोदी नट होऊन गेले. त्यांतला धाकटा हर्बर्ट, म्हणजेच झेपो. १९२९ ते १९३३ या काळात त्याने भावांबरोबर पाच बोलपटांत काम केलं. हशा भावांना मिळे, हा साधासुधा माणूस होऊन उभा राही. पुढे त्याने नटाचं काम सोडलं आणि एक कारखाना काढला. तिथला जखडपट्टा 'मारमन क्लॅम्प' या नावाने प्रसिद्ध झाला. दोन गोल तोंडं घट्ट जखडायची आणि हवी तेव्हा सोडायची, असं त्याचं काम. उपग्रह अग्निबाणाला जोडायला या जातीचे पट्टे वापरतात. अग्निबाण उडतो तेव्हा लोक आकाशाकडे बघतात. पट्ट्याकडे कोण बघतं? पण तो निसटला तर उपग्रह वर पोचायचा नाही.

तेव्हा आम्हाला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. झँडर गप्प राहिला, म्हणून प्रत्येकाने गप्पच राहावं असं नाही. मजुरीचा, हक्काचा प्रश्न असेल तिथे तोंड उघडलंच पाहिजे. पण आपली किंमत दुसऱ्याच्या टोमण्यावर ठरू देऊ नये. ही झाली एक गोष्ट. दुसरी गोष्ट बाकीच्यांसाठी. आपल्या घरात, कामावर कोण खिजगणतीत नाही, ते डोळे उघडून बघावं. काळजीपोटी का होईना, आपणच कुणाला कडेला बसवलं नाही ना?

विचार करा:
१. मंडळींनी झँडरला लढाईपासून दूर ठेवलं, हे बरोबर होतं का?
२. झँडरने आपली हकीकत का सांगितली नसेल?
३. तुमच्या गावात कुणाचं काम कुणाच्या नजरेला पडत नाही? त्या माणसाविषयी पाच ओळी लिहा.