शिंप्याची टेप

पंचेचाळिशीपर्यंत माझं वजन साठ किलोच्या वर कधी गेलं नाही. उंची साडेपाच फूट, हातपाय बारीक. पंगतीत आई वाढप्याला हाक मारायची, ‘‘त्याला आणखी वाढा हो, त्याच्या अंगाला काही लागतच नाही.’’ मीही तेच खरं धरून चाललो.

खोट पहिल्यांदा शिंप्याला दिसली. पँटचं माप घेताना त्यानं टेप दोनदा फिरवली. ‘‘साहेब, कंबर 37. मागच्या दिवाळीला 34 होती.’’ मी लक्ष दिलं नाही. त्याच सुमारास मानेवर मागच्या बाजूला काळपट, मखमलीसारखा जाडसर पट्टा उमटला. बायको दर रविवारी बेसन-लिंबू लावून तो घासायची. मळ नव्हताच तो, निघणार कसा? रक्तात इन्शुलिन वाढलं की कातडीवर असा काळेपणा येऊ शकतो, हे दोन वर्षांनी कळलं. तोवर माझं एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची चाचणी) 7.8 झालं होतं. 6.5 पासून मधुमेह धरतात.

बारीक माणसाला साखर कशी? याचं उत्तर पुण्यातच सापडलं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा जोडफोटो 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. पुण्याजवळच्या सहा गावांत 1993 पासून झालेल्या अभ्यासात नवजात बाळं सरासरी 2.7 किलोची भरली. इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा ती कितीतरी हलकी, स्नायू कमी, पण कातडीखालची चरबी बऱ्यापैकी टिकून. आईला विचारलं तर म्हणाली, ‘‘तू पाच पौंडांचा होतास, सुपात मावायचास.’’

जेवणानंतरची साखर मुख्यतः स्नायू उचलतात. माझ्याकडे मुळात तेच कमी. जास्तीची चरबी पोटात आणि यकृतात साठली. असं यकृत इन्शुलिनला जुमानत नाही, रात्रभर रक्तात साखर सोडत राहतं. म्हणून सकाळी चहाआधीच माझी साखर 140 च्या वर असायची.

तेव्हा कृपा करून नुसत्या वजनकाट्यावर विसंबू नका. बेंबीपाशी टेप लावा: पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरला, बाईची 80 ला पोचली की रक्त तपासून घ्या. उपाशीपोटी साखरेबरोबर ट्रायग्लिसराइड्सही बघा. नुसतं चालून भागत नाही, स्नायू वाढायला वजनं उचलावी लागतात. मला हे कळायला उशीर झाला. आणि जाड माणसाला खादाड म्हणणं सोडा. चरबी कुठे आणि किती साठणार, यातलं बरंच आईच्या पोटातच ठरलेलं असतं. म्हणून घरात गरोदर सून-लेक असेल तर तिचं बी-12 जीवनसत्त्व तपासा, शाकाहारी असेल तर आधी.

माझा मुलगा बावीस वर्षांचा, माझ्यासारखाच हडकुळा. पाडव्याला त्याला खिडकीपाशी उभं करून मान बघितली. स्वच्छ होती. मग टेप लावली. 86. तो हसत होता. मी आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवला.